पैसे वसूल

रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना कुणीतरी तुमची बाइक आडवी केली. आरसा गेला, इंडिकेटर लोंबतोय, मडगार्डला तडा. अशा वेळी डोकं अजिबात शांत ठेवू नका. चहासुद्धा घेऊ नका. चहा पोटात गेला की माणूस हिशेब करायला बसतो. सरळ विम्याचा क्लेम ठोका. इतकी वर्षं प्रीमियम भरलात तो काय दानधर्म म्हणून?

पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढून ५० टक्क्यांवर पोचलाय, अशी आठवण कुणी करून दिली तर त्याला गप्प बसवा. बोनस दिवाळीला मिळतो आणि हातात मिळतो. काही मागितलं नाही म्हणून मिळणारा, तोही फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर, हा कसला बोनस? थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी भरायच्या, रकमेत तर एका पैशाची सूट नाही.

गॅरेजवाल्याचं बिल समजा १,४०० झालं. प्लास्टिकचे भाग १,०००, मजुरी ४००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, तुम्ही काटकसर म्हणून घेतलेलं नाही, तेव्हा प्लास्टिकवर निम्मा घसारा. शिवाय दुचाकीला सक्तीचे १०० रुपये पदरचे. राहिले ८००. नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरची वाट बघण्यात अर्धी रजा गेली, ती सोडून द्या. रजा काय, परत मिळते.

आता तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठतील. ‘‘अहो, ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १,२०० धरा. पुढच्या रिन्यूअलला बोनस शून्य, म्हणजे ६०० जादा. मग पुन्हा विसापासून चढायचं, म्हणजे दर वर्षी जादा : ३६०, ३००, १८०, ६०. झाले दीड हजार, वर १८ टक्के जीएसटी. आठशेसाठी!’’ असल्या माणसाला सोसायटीचा खजिनदार करा आणि त्याच्याशी बोलणं टाका. त्यांच्या मते क्लेम मोठ्या नुकसानीला करायचा असतो. म्हणजे २००५च्या २६ जुलैसारखे ९४४ मिलिमीटर पडेपर्यंत आपण हात जोडून बसायचं?

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. जुनी बाइक मेहुण्याला ‘‘बोनससकट देतो’’ म्हणून दोन हजार जास्त लावून विका. बोनस मालकाचा असतो, बाइकचा नाही. कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत तो तुमच्याच नव्या बाइकला लागतो. पण पत्र मागायला जाणार कोण? पॉलिसी संपल्याचा मेसेज वाचूच नका, नव्वद दिवस उलटले की बोनसची कटकटच मिटते. आणि क्लेमनंतर कंपनी बदललीत तर फॉर्मवर बिनधास्त ५० टक्के लिहा. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते, खोटं निघालं तर ओन डॅमेजच्या भरपाईवर पाणी सोडावं लागतं, वगैरे काका सांगतीलच. त्यांना काय, त्यांची बाइक सात वर्षं सेलोटेप लावून फिरतेय.

आरसा तसा कुर्ल्याला सीएसटी रोडवरही मिळाला असता. पण तिथे घासाघीस करावी लागते, आणि पक्कं बिल मागितलं की दुकानदार हसतो. बिलाशिवाय वसुली कसली?