जिंकलेल्या पैलवानाची एक फेरी गावासाठी

जत्रांच्या कुस्त्यांची पत्रकं व्हॉट्सअॅपवर यायला लागली. पहिल्या जोडीला लाखांचं इनाम, वर पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग. सोलापुरात तालमीत दहा वर्षं माती अंगाला लावलेला माणूस आहे मी, मैदान भरतंय म्हटलं की आजही अंगात हलगी घुमते. पण यंदा आयोजकांकडे एक मागणं आहे.

मैदान पाहिलेल्यांना ठाऊक आहे. कुस्ती निकाली झाली की जिंकलेला पोरगा मैदानाला फेरी मारतो. लोक दहा, पन्नास, शंभराची नोट त्याच्या हातात कोंबतात. एखादा म्हातारा धोतराच्या सोग्यात बांधलेली नोट सोडून देतो. पावती कुणी मागत नाही. इतक्या मोकळ्या हातानं लोक दुसरीकडे कुठं देताना मी पाहिले नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी एका जत्रेत घिस्सा डाव मारताना माझा गुडघा गेला. आयोजकांनी हातात नारळ दिला आणि पुढची जोड पुकारली. वडील यंत्रमागावर कामाला, ऑपरेशनचे पैसे आणायचे कुठून? पुढच्या रविवारी दुसऱ्या गावच्या मैदानात वस्तादांनी डोक्याचा फेटा सोडला, त्याची झोळी केली आणि माणसांतून फिरले. झोळीचं दुसरं टोक धरलं होतं ज्याच्याशी लढताना मी पडलो त्याच पैलवानानं. आज मी धड चालतो तो त्या झोळीमुळं.

आणि ही रीत काही नवी नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, आणि परत आल्यावर कुस्त्यांचं मैदान भरवून त्या पैशातून गुरुजींचं घर सोडवलं. पदकाइतकीच ही गोष्ट मला मोठी वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमची सीना नदी फुगली. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरच्या गावांत पाणी शिरलं, उभी पिकं गेली, जनावरं गेली. आमच्या तालमीतली पोरं चारा घेऊन गेली होती. एका घरात भिजलेल्या वह्या पत्र्यावर वाळत घातलेल्या पाहिल्या, त्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीत.

म्हणून म्हणतो, शेवटची कुस्ती झाली की एक फेरी गावासाठी मारा. पैसे कुणाला जाणार ते आधीच ठरवा: पुरात गोठा गेलेलं घर, शाळेतली पोरं, नाहीतर हातपाय मोडून घरी बसलेला पैलवान. जमलेली रक्कम तिथंच मोजा आणि माइकवरून पुकारा, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहणार नाही. इनाम लावणाऱ्यांनीही त्यात आपली भर घालावी.

काहीजण म्हणतील, पैलवानच गरीब, त्याच्या खुराकाचे पैसे काय काढता? त्याच्या इनामातला एक रुपयाही काढू नका. रेवडीवर, नारळावर लढणाऱ्या पोरांना तर उलट वाढवून द्या, दूध-बदाम आज किती महाग झालेत ते त्यांच्या आयांना विचारा. पैलवानानं फक्त पुढं चालायचं. त्याच्याकडं बघून लोकांचा हात आपोआप खिशात जातो, हे मी स्वतःच्या गुडघ्यासाठी अनुभवलंय.

यंदा कुठल्या गावाला हे करायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. वस्ताद आता थकलेत, पण त्यांचा तो फेटा माझ्याकडं आहे. घेऊन येतो.