‘१५ मीटरचा कॅमेरा असताना हाउसिंग कशाला?’ – सातारच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. सूर रागाचा आहे, पण प्रश्न पैशाचा असल्यामुळे राग रास्त वाटला. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लेक डिसेंबरात अंदमानला स्कूबाचा ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीचा, कोर्स करायला निघाली आहे. तिच्यासाठी तुम्ही ऑलिम्पसचा टीजी-६ कॅमेरा घेतलाय. तो मुळातच वॉटरप्रूफ असताना ‘हाउसिंगशिवाय (कॅमेऱ्यावर चढवायच्या कडक, पाणबंद पेटीशिवाय) डाइव्हला नेऊ नका’ असं लिहून मी लोकांना निष्कारण खर्चात पाडते आहे. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या फोनच्या पाउचबद्दल मी चकार शब्द काढला नाही. आणि एवढे पैसे घालायचेच, तर सोनीचा मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा का नको?

आधी १५ मीटरचं बघू. टीजी-६ तेवढ्या खोलीपर्यंत पाणी आत येऊ देत नाही असा आकडा त्यावर आहे आणि तो खरा आहे. पण ओपन वॉटर कोर्सची मर्यादा १८ मीटर आहे, म्हणजे हातात सर्टिफिकेट पडताच तिला कॅमेऱ्यापेक्षा खोल जायची मुभा मिळते. डाइव्ह करताना कोणी कॅमेऱ्याची मर्यादा बघून खाली-वर होत नाही. गाइड खाली बोट दाखवतो, सगळे जातात. आणि हा आकडा नव्या, स्वच्छ कॅमेऱ्याचा असतो. टीजीला दोन दारं आहेत, एक बॅटरी-कार्डचं आणि दुसरं केबलचं. दोन्हींची सीलं बारीक, आणि ती घरी बदलता येत नाहीत. वाळूचा एक कण तिथे बसला की १५ मीटरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

माझा सगळा भर इथेच आहे. मी हाउसिंग निवडते तेव्हा पहिला प्रश्न असतो, याचं सील मला स्वतःला काढता, बघता, धुता आणि बदलता येतं का? अंदमानात किंवा मालवणात, लॉजच्या खोलीत, जवळपास दुरुस्तीचं दुकान नसताना? टीजी-६ साठीचं पीटी-०५९ हे हाउसिंग या कसोटीला उतरतं. त्याची मर्यादा ४५ मीटर, म्हणजे हौशी डायव्हिंगच्या ४० मीटरच्याही पुढची. शिवाय आत पाणी शिरलंच, तरी टीजी स्वतः वॉटरप्रूफ आहे. साध्या कॅमेऱ्याचं हाउसिंग गळलं तर कॅमेरा गेला. इथे दोन भिंती आहेत, आणि मी पैसे घालायला सांगते ते या दुसऱ्या भिंतीसाठी. २०२३ मध्ये आलेला टीजी-७ देखील याच हाउसिंगमध्ये बसतो, तेव्हा पुढे कॅमेरा बदलला तरी हाउसिंग फुकट जाणार नाही. खर्च मात्र बराच येतो, हे तुमचं बरोबर आहे.

आता एक गोष्ट जी दुकानदार क्वचितच सांगतात. हाउसिंग खोल पाण्यात गळतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बरीच गळती पहिल्या एक-दोन मीटरमध्ये होते, नाहीतर बोटीवरच्या धुण्याच्या टबात. कारण साधं आहे. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. हाउसिंगच्या साधारण १०० चौरस सेंटिमीटरच्या मागच्या दारावर १८ मीटरवर बाहेरून १८० किलोच्या आसपास जोर पडतो, आणि तो जोर दार रबरी रिंगवर, म्हणजे हाउसिंगच्या सीलवर, आणखी घट्ट दाबतो. वर, पृष्ठभागाजवळ, रिंगला दाबणारं काही नसतं. तिथे रिंगवर डोक्याचा एखादा केस आडवा पडला असेल तर पाणी त्याच्या बाजूने आत येतं. म्हणून कॅमेरा हातात धरून बोटीवरून उडी मारायची नाही. आधी पाण्यात उतरायचं, मग बोटीवरच्या माणसाकडून तो मागून घ्यायचा. खोलीच्या आकड्याचा खरा संबंध बटणांशी आहे. मर्यादेपलीकडे गेलं की बाहेरचा दाब बटणाच्या स्प्रिंगवर मात करतो आणि बटण दाबलेलंच राहतं.

रिंग बघायची पद्धत लेकीला घरीच शिकवा. रिंग खाचेतून काढताना सुई, पिन, चाकू काही वापरायचं नाही. दोन बोटांच्या चिमटीने एका जागी सरकवली की ती फुगवटा धरते, तिथून उचलायची. मग डोळे मिटून बोटांतून फिरवायची. कण डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. खाच टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघायची. टॉवेलचा धागा, डोक्याचा केस, वाळलेल्या मिठाचा खडा, हे तिघे नेहमीचे. ग्रीस हाउसिंगसोबत आलेलंच लावायचं, रिंग नुसती चकाकेल इतकंच. जास्त लावलं तर तेच वाळू धरून ठेवतं, आणि भलत्या कंपनीचं लावलं तर रबर फुगू शकतं.

चाचणीसाठी आपल्याकडे जे आहे ते मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये नाही, ते म्हणजे विहीर. बादलीत हाउसिंग बुडवून दाबाची परीक्षा होत नाही. आम्ही तासगावकडच्या शेतातल्या विहिरीत करतो. हाउसिंग रिकामं, कॅमेरा बाहेर, आत घडी घातलेला टिश्यू पेपर. रिकामं हाउसिंग तरंगतं, म्हणून जाळीच्या पिशवीत दगडासोबत घालायचं. दोराला मीटर-मीटरवर गाठ मारायची आणि पाण्याच्या पातळीपासून गाठी मोजत सोडायचं. पहिल्या गाठीवर जरा थांबायचं, वर सांगितलेली उथळ पाण्यातली गळती तिथेच कळते. मग तळापर्यंत सोडून अर्धा तास ठेवायचं. वर काढल्यावर बाहेरून पूर्ण कोरडं पुसायचं, दाराची बाजू खाली धरून उघडायचं आणि टिश्यूचे कोपरे बघायचे. कोपरा ओला असेल तर रिंगचा तोच भाग पुन्हा तपासायचा. पाणी दहा मीटर खोल असलेली विहीर मिळाली तर समुद्राच्या पहिल्या दहा मीटरची परीक्षा घरच्या घरी झाली. तुमच्या सातारा जिल्ह्यात विहिरींना तोटा नाही. काठावर मात्र दोघांनी असा.

पाउचबद्दल थोडक्यात. खाडीत, उथळ पाण्यात, स्नॉर्कलिंगला पाउच चालेल. डाइव्हला नाही. दहा मीटरवर आतली हवा निम्म्या जागेत दबते, प्लास्टिक स्क्रीनला चिकटतं आणि टच चालेनासा होतो. फोनच वापरायचा असेल तर सीलाइफ कंपनीच्या स्पोर्टडायव्हरसारखं फोनचं कडक हाउसिंग येतं. त्याची मर्यादा ४० मीटर आहे, आणि हातपंपाने आतली हवा ओढून सील धरलंय की नाही हे पाण्यात जाण्याआधीच कळतं. ही सोय मला फार मोलाची वाटते.

सोनीचा आरएक्स-१०० उत्तम कॅमेरा आहे, त्याचा सेन्सर टीजीच्या कितीतरी मोठा. पण मालवण-तारकर्लीचं पाणी हिरवट आणि कणांनी भरलेलं असतं. तिथे मोठ्या सेन्सरलाही लांबचं धुरकटच दिसतं, आणि फ्लॅश मारला की कणच चमकतात. अशा पाण्यात विषयाच्या एका फुटाच्या आत जावं लागतं, आणि टीजी भिंगासमोर एक सेंटिमीटरवरही फोकस धरतो. प्रवाळावरचा नखाएवढा सी-स्लग (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) त्याने टिपता येतो. अंदमानच्या निळ्या पाण्यात सोनी पुढे जाईल हे मान्य. तिथे पहिल्या काही मीटरमध्येच लाल रंग उडतो, म्हणून लाल फिल्टर किंवा छोटा लाइट मात्र दोघांनाही लागेल. पण सोनीच्या हाउसिंगमध्ये पाणी शिरलं तर दुसरी भिंत नाही. नवशिक्याच्या हातात मी तो देणार नाही.

प्रवासाचं म्हणाल, तर देशांतर्गत विमानात बहुतेक ठिकाणी हातसामान ७ किलो. टीजी, हाउसिंग, चार्जर आणि जास्तीच्या बॅटऱ्या त्यात आरामात मावतात. सुट्या बॅटऱ्या हातसामानातच हव्यात, चेक-इन बॅगेत चालत नाहीत. हाउसिंगची रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवायची, नाहीतर उंचावरच्या हवेच्या दाबातल्या फरकाने दार उघडायला त्रास होतो. तिथे पोचल्यावर कॅमेरा एसी खोलीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी घालून बंद करायचा. किनाऱ्याच्या दमट हवेत बंद केला तर पाण्यात गेल्यावर आतून काच धुरकटते. डाइव्ह झाल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवून प्रत्येक बटण चार-सहा वेळा दाबायचं, मीठ तिथेच बसतं. सांगलीत घरी शेवटचं धुणं मी नळाच्या पाण्याने करते, बोअरच्या नाही. आमच्याकडच्या बोअरचं पाणी वाळल्यावर पांढरी पुटं सोडतं.

राहिला लेकीचा कोर्स. कोर्सच्या दिवसांत कॅमेरा खोलीतच राहू द्या. तरंगणं सांभाळायला शिकणाऱ्याच्या हातात कॅमेरा आला की लक्ष स्क्रीनवर जातं आणि पायातले फिन प्रवाळावर आपटतात. इन्स्ट्रक्टरही नेऊ देणार नाहीत. कोर्सनंतरच्या डाइव्हना न्यायचा. तेव्हा हाउसिंग आजच घ्यायची घाई नाही, पण डिसेंबरच्या आधी विहिरीची चाचणी होईल इतका वेळ हातात ठेवून घ्या. सोबत त्याच मॉडेलची एक जास्तीची रिंग मागवा, ती अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर मिळेल याचा भरवसा धरू नका. वापरलेलं हाउसिंग मिळालं तरी चालेल, फक्त रिंग नवी घाला आणि दाराच्या खाचेत ओरखडा असेल तर ते परत करा.