पोखरलेलं वांगं म्हणजे विषमुक्त वांगं नव्हे

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. भोक पडलेली, अळी असलेली भाजी घ्या, ती बिनफवारणीची असते. बाकीची भाजी मिठाच्या पाण्यात ठेवा, विष निघून जातं. आणि सेंद्रिय म्हणून जास्त पैसे मागणारे लुटतात, त्यांना खता-औषधाचा खर्चच नसतो. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी अळीचं. वांग्यातला शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग रात्री पानांवर अंडी घालतो. अळी बाहेर आली की काही तासांत कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात शिरते आणि शिरलेलं भोक स्वतःच्या विष्ठेने बुजवते. आपल्याला दिसतं ते भोक बाहेर पडतानाचं. आतल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. वांगी तर दर तीन-चार दिवसांनी तोडायची असतात. मग फवारणीनंतर तोडणीआधी लेबलवर छापलेले दिवस थांबणं अनेकदा राहूनच जातं. म्हणजे पोखरलेलं वांगं सगळ्यात जास्त फवारलेल्या प्लॉटमधलंही असू शकतं. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने तर कितीतरी औषधं पचवली आहेत. तिथे जिवंत अळी म्हणजे फवारणी लागू पडली नाही, असंही असू शकतं.

उलट, नीट सांभाळलेल्या सेंद्रिय प्लॉटमधून भरपूर बिनभोकाची वांगी निघतात. त्यासाठी सुकलेले शेंडे दर आठवड्याला अळीसकट खुडून नष्ट करावे लागतात, कामगंध सापळ्यातली ल्यूर, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारी कुपी, वेळेवर बदलावी लागते. ५ टक्के निंबोळी अर्कासाठी ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून पाणी घालून १०० लिटर करायचं आणि त्याच संध्याकाळी फवारायचं. भर उन्हात फवारलं तर अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य, लवकर निकामी होतं. शिळा अर्कही काम देत नाही.

मिठाच्या पाण्याचं थोडक्यात. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाच. माती आणि वरवरच्या औषधाचा काही भाग जातो. पण इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून पानात पोचलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. मेथी-पालकाला तर सोलायला सालही नसते.

आता खर्च. हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण त्याने शेतकऱ्याच्या हातचा रास्त भाव जातो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतं आणि अनुदानामुळे ती २६६ रुपये ५० पैशांना मिळते. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. तेवढंच नत्र द्यायला ४ टन शेणखत लागतं, त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला थोडंच मिळतं. त्यात वाहतूक आणि खुरपणीची मजुरी धरा. शिवाय हंगामी पिकांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत साधारण दोन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ, असतो. तेव्हा उत्पन्न घटण्याची भीती असते आणि बाजारात भाव मात्र साध्या भाजीचाच. आधी भाव ठरवून थेट शेतातून मुंबईत भाजी आणणाऱ्या सामाजिक उद्योगाची खरी गरज इथेच असते.

सेंद्रियच्या नावाखाली फसवणारेही आहेत, म्हणून विक्रेत्याकडे शेताची फवारणी वही मागा: प्लॉट, काय फवारलं, किती, कधी, तोडणी कधी. रेसिड्यूचा, म्हणजे भाजीत उरलेल्या औषधाचा, अहवाल एनएबीएल-मान्य (एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) प्रयोगशाळेचा आहे का आणि नमुन्याची तारीख कोणती, हे बघा. एकाच जुन्या अहवालावर वर्षभराची भाजी खपवत असतील तर दुसरा विक्रेता शोधा. पीजीएस म्हणजे शेतकरी गटांनी एकमेकांची शेतं तपासून दिलेलं प्रमाणपत्र. त्यातला पीजीएस-ग्रीन असा शिक्का दिसला तर ती रूपांतर काळातल्या शेताची भाजी आहे, पूर्ण सेंद्रिय ठरलेली नाही. तरी ती जरूर घ्या, त्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक याच दोन वर्षांत हवं असतं.