मशीन विकत कशाला, वापरायला द्या ना

गेल्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसती वादावादी. झालं असं की सुदामा नगरच्या काकांना स्लीप अ‍ॅपनिया निघाला, डॉक्टरांनी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं) लिहून दिलं आणि दवा बाजारात चौकशी केली तर मास्क धरून 52,000 सांगितले. काकांची पेन्शन 31,000. मामा म्हणाला घोरण्यासाठी पन्नास हजार कोण घालवतं, आपले आजोबा जन्मभर घोरले, काही झालं का? चुलतभाऊ म्हणाला स्टेंटसारखी सरकारने याचीपण किंमत बांधायला पाहिजे. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की मीच इंग्लंडहून, लेस्टरहून, घेऊन यावं, "तिकडे तर फुकट मिळतं ना".

फुकट मिळतं, खरंय, पण कसं मिळतं ते नीट सांगितलंच पाहिजे, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधी मामासाठी. मामा, हे नुसतं घोरणं नाहीये. झोपेत घसा सैल पडून मिटतो, श्वास थांबतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. आमच्या बाबांचं आठवतं ना? आई रात्री उठून बसायची, घोरण्याचा आवाज एकदम बंद झाला की मनातल्या मनात आकडे मोजायची, वीस, पंचवीस, तीस, आणि मग बाबा गचकन श्वास घ्यायचे की हिच्या जिवात जीव यायचा. टेस्ट केली तर तासाला 41 वेळा श्वास अडत होता, 30 च्या वर गेलं की सिव्हिअर धरतात. ऑक्सिजन 74 टक्क्यांपर्यंत उतरलेला. यातून बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो. 2022 मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा हॉस्पिटलने हेच कारण सांगितलं होतं, आणि तेव्हाही आपल्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली आणि मग सगळे विसरले.

आता इकडचं. मला स्वतःला 2019 मध्ये निघाला. नंबर लागायला पाच महिने गेले, ते काही सुखाचे नव्हते, कारण दिवसा झोप येत असेल तर इकडे गाडी चालवणं बंद करावं लागतं आणि लायसन्स खात्याला कळवावं लागतं, तो कायदाच आहे. मी पाच महिने बसने ऑफिसला गेलो. (बिजासन घाट रात्री उतरणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला आपल्याकडे कोणी विचारतं का की बाबा तू झोपतोस कसा?) नंबर लागला तेव्हा एनएचएसने, म्हणजे इकडच्या सरकारी आरोग्य सेवेने, मशीन दिलं, पैसे शून्य, पण ते माझं नाही. ते वापरायला दिलेलं आहे, गरज संपली की परत करायचं. म्हणून मी ते बॅगेत घालून इंदूरला आणू शकत नाही रे बाबांनो, दुसऱ्याचं आहे ते.

आणि त्या दिवशी मशीनपेक्षा जास्त वेळ मास्कवर गेला. टेक्निशियन बाई होती, तिने तीन मास्क लावून बघितले, मला आडवं झोपवलं, कुशीवर वळायला सांगितलं, कुठून हवा निसटते ते मास्कजवळ हात धरून बघितलं, पट्टा एक घर सैल केला. चाळीस मिनिटं. पुढे महिनाभराने फोन, मशीन रात्रीचे तास नोंदवतं तेही तिच्यासमोर होतं.

बाबांचं मशीन आम्ही 2020 मध्ये 48,000 ला घेतलं. मी पैसे पाठवले, दुकानाचा मुलगा घरी आला, पंधरा मिनिटांत प्लग लावून, बटण दाखवून, सही घेऊन गेला. बाबांना जाड मिशा. मास्क मिशांवर बसेचना, रात्रभर शिट्टीसारखा आवाज, हवा डोळ्यांत जाऊन सकाळी डोळे लाल. दुकानाला फोन केला तर म्हणे सवय होईल. तिसऱ्या आठवड्यात मशीन कपाटावर गेलं आणि आई परत आकडे मोजायला लागली. बाबा माझ्याकडे आले 2023 ला तेव्हा मी नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क घेऊन त्यांना लावला, मिशांना लागतच नाही तो. दुसऱ्या दिवशी आई सात वाजता उठली, म्हणाली रात्री जागच आली नाही मला. मशीन तेच होतं, इंदूरहून आणलेलं. तीन वर्षं ते कपाटावर होतं आणि बाबांचा श्वास अडत होता, याचा राग मला अजून येतो.

म्हणून चुलतभावाचं म्हणणं मला अर्धं पटतं. 2017 मध्ये स्टेंटची आणि गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत बांधली तेव्हा लोकांचे खरंच पैसे वाचले. 2021 मध्ये कोविडमुळे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, मग ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, थर्मामीटर यांच्या मार्जिनला लगाम घातला, त्या यादीत सीपॅप नव्हतं. असायला हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. विमा कंपन्यापण घरी वापरायचं मशीन बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत, तेही बदलायला पाहिजे. पण स्टेंट एकदा बसवला की बसला, हे रोज रात्री माणसाने स्वतः लावायचं असतं. उद्या 52 चं 35 हजार झालं आणि ते तसंच कपाटावर गेलं तर काय मिळवलं?

बाकी देशांतही सगळं गोड नाही. टोरांटोच्या मित्राला ओंटारियो सरकार 860 डॉलर किंमत धरून त्यातले 75 टक्के देतं, मास्क बदलायचे पैसे त्याचेच. अमेरिकेत मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा) आधी मशीन भाड्याने देतं, 13 महिने, आणि सुरुवातीच्या तीन महिन्यांत सलग 30 दिवसांपैकी 70 टक्के रात्री किमान चार तास लावलं हे दिसलं तरच पुढे चालू ठेवतं. कडक आहे, कोणाला त्रासही होतो, पण माणूस मशीन वापरतोय का हे कोणीतरी विचारतं तरी.

आपल्याकडे वापरायला द्यायचं आणि परत घ्यायचं ही पद्धत नवीन थोडीच आहे! मराठी घरांत कोणाचं ऑपरेशन झालं की वॉकर, व्हीलचेअर, फाउलर बेड रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून डिपॉझिट भरून आणतात आणि काम झालं की परत देतात. कोविडमध्ये कॉन्सन्ट्रेटर असेच घरोघर फिरले. सीपॅप का नाही? डबा तोच राहील, मास्क, नळी, फिल्टर प्रत्येकाला नवीन, प्रेशर डॉक्टरांनी सांगितलेलं. इंदूरच्या एमवायसारख्या सरकारी हॉस्पिटलने वीस मशीन ठेवली आणि मास्क बसवून देणारा एक माणूस नेमला तरी किती घरं झोपतील. नोंदही राहते. 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीने जगभरातून लाखो मशीन परत मागवली, आतला फोम झिजून कण श्वासात जायची भीती होती. कोणतं मशीन कोणाकडे आहे ते इकडे हॉस्पिटलकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडे एकाने दुसऱ्याला जुनं विकलं, त्याने तिसऱ्याला, कोण शोधणार?

तर काकांचं असं करूया. लगेच 52,000 भरू नका. डॉक्टरांना विचारून आधी महिनाभर भाड्याने मिळतंय का बघा, आणि जो देईल त्याला सांगा की दोन-तीन मास्क घेऊन ये आणि काकांना आडवं झोपवून लावून दाखव, तरच पैसे. मी 18 डिसेंबरला पोचतोय, काकांच्या मापाचे मास्क घेऊन येतो, मापाचा फोटो काकूने नाकाशेजारी पट्टी धरून पाठवावा. आणि लोकमान्य नगर, रामबाग, कुठेही कोणाच्या घरी असं मशीन पडून असेल तर मॉडेल आणि साल लिहून मामाकडे द्या, परत मागवलेल्यांच्या यादीतलं नाही ना ते मी बघतो.