खुलासा: ‘१४ टक्के टेंडर व्होट, मग फेरमतदान’ हा मेसेज चुकीचा आहे
‘यादीत नाव नसेल तर आधार दाखवून ४९अ खाली चॅलेंज व्होट मागा, टेंडर व्होट १४ टक्क्यांवर गेले की फेरमतदान’ असा मेसेज पालिका निवडणुकीत फिरतोय. काही पत्रकारांच्या ग्रुपवरही.

१९६१ चे निवडणूक संचालन नियम पाहा. ४९अ मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज म्हणजे मतदाराच्या ओळखीवर मतदान प्रतिनिधीने दोन रुपये भरून घेतलेली हरकत. यादीत नाव नसेल तर आधार दाखवूनही मत देता येत नाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मतदान केलं असेल तर टेंडर मतपत्रिका मिळते. ती पाकिटात बंद राहते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. १४ टक्क्यांची तरतूद नाहीच.

शिवाय हे नियम लोकसभा-विधानसभेचे. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, प्रभागयाद्या विधानसभेच्या यादीतून फोडतो. नाव शेजारच्या प्रभागात गेलेलं असू शकतं. खरा घोळ तिथे होतो, म्हणून आधीच तपासा. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका.