आजी आहे, मग बाई कशाला?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज तिसऱ्यांदा आला. सार असं: घरात आजी-आजोबा असताना मूल सांभाळायला बाई कशाला? पैसे देऊन सांभाळलेलं मूल परकं होतं. आपल्या आयांनी सहा-सहा पोरं एकटीनं वाढवली. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मला यातलं एकही वाक्य पटत नाही.

आधी आजीचं. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहे. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी आहे ना, तू जा." माया खरी होती. पण मूल रांगायला लागलं की त्याच्यामागे दिवसभर वाकावं लागतं. एकदा दुपारीच घरी आले, तर त्या भिंतीला टेकून फरशीवर बसलेल्या, गुडघ्याला पट्टा, आणि लेकाचा पाय एका हातानं धरून ठेवलेला. उठून त्याच्यामागे जायचं त्राणच उरलं नव्हतं. तीन महिने त्या दुखणं अंगावर काढत होत्या. नातवाचं करताना दुखतंय असं म्हणायची त्यांना लाज वाटत होती. ही लाज असल्या मेसेजांनीच पेरलेली असते, म्हणून मला या मेसेजांचा राग येतो.

ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या बुद्धीच्या चाचण्यांत चांगल्या ठरल्या. पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्या एका चाचणीत मागे पडल्या. अभ्यास छोटा होता, त्यावरून कायमचा नियम काढता येणार नाही. पण सासूबाईंचा थकवा मी डोळ्यांनी पाहिलाय.

मग आम्ही मावशी ठेवल्या, सकाळी साडेआठ ते सहा. अंघोळ, भरवणं, उचलणं त्यांच्याकडे. काऊचिऊची गोष्ट आणि दुपारची मांडी आजीची.

मूल परकं होतं म्हणे. माझा लेक मावशी दारात दिसल्या की हात पसरतो, आणि संध्याकाळी मला पाहिलं की मलाही सोडत नाही. जीव लावणारी माणसं वाढली म्हणून मुलाची आई कमी होत नाही. परकेपणा सोसावा लागतो तो मावशींना. त्यांची चार वर्षांची मुलगी पेठ तालुक्यात त्यांच्या आईकडे असते. लेक झोपला की त्या गॅलरीत जाऊन व्हिडिओ कॉल लावतात, "जेवलीस का गं" एवढं विचारतात आणि पलीकडे रेंज गेली की फोन हातात धरून उभ्या राहतात. आमच्या घरचं मूल सांभाळलं जावं म्हणून तिकडे आणखी एक आजी राबतेय. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालचा आहे, पण सुट्टी आणि पगार अजून ज्या-त्या घराच्या मर्जीवर. आम्ही महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या ठरवल्या. ते उपकार नाहीत.

एकटीनं वाढवली, हे तर सरळ खोटं. माझ्या आईनं चौथीत शाळा सोडली, कारण धाकट्या दोघांना काखेत घ्यायला कुणीतरी हवं होतं. शेजारच्या काकू, जावा, मोठ्या बहिणी, किती हात होते! ते मोजले नाहीत, एवढंच.

पाळणाघराची सोय कायद्यात आहे, पण 50 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांत काम करणाऱ्या बाईनं काय करायचं, याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आणि बाप? अख्ख्या मेसेजमध्ये तो शब्दच नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला रोज सरासरी 289 मिनिटं देतात, आणि जे पुरुष ते करतात ते 88. आमच्याकडे आता नवऱ्याच्या साप्ताहिक सुट्टीला मूल त्याच्याकडे असतं, डायपरपासून झोपवण्यापर्यंत. मावशी त्या दिवशी पेठला जातात. सासूबाई भजनी मंडळाच्या बायकांबरोबर पंचवटीला जातात, आणि कधी परतणार ते कुणी त्यांना विचारत नाही.