झाड व्हा, काका!

माझ्या सगळ्या पायजम्यांना सध्या डाव्या पायाच्या मोहरीजवळ एकेक भोक आहे. भोक डावीकडेच का, ते पडवळाला माहीत. पडवळ हा आमचा कुत्रा. मुलीने त्याचं नाव ब्रूनो ठेवलं होतं, पण डाशहुंड जातीचं ते लांबुळकं पिल्लू टोपलीतून बाहेर निघालं आणि आई म्हणाली, ‘अगंबाई, हे तर पडवळ!’ कोथरूडमध्ये भाजीपुढे ब्रूनोचा टिकाव लागला नाही.

पडवळाची उंची वीतभर. घरात तेवढ्या उंचीवर जे जे हलतं, म्हणजे पायजम्याची मोहरी, गाऊनची झालर, साडीच्या निऱ्या, ते सगळं आपलंच आहे अशी त्याची समजूत. त्यात त्याचा दोष नाही म्हणे. जर्मन भाषेत डाक्स म्हणजे बॅजर आणि हुंड म्हणजे कुत्रा. बॅजर बिळात राहतो, त्याला बिळात शिरून भिडायला ही जात तयार केली. आमच्या दुसऱ्या मजल्यावर बॅजर नाही. मी आहे.

पहिला पायजमा मी रफूला नेला. (हसू नका. कापड चांगलं होतं.) तुळशीबागेजवळच्या बोळातल्या रफूवाल्याने मोहरी उजेडात धरली, भोकाची कड बोटाने चाचपली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, ‘वय काय?’

‘बावन्न.’

‘तुमचं नाही हो. कुत्र्याचं.’

‘चार महिने.’

‘मग दिवाळीपर्यंत भेटत राहू,’ असं म्हणून त्याने पायजम्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे सांगितले.

त्याचा हिशेब बरोबर होता. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि घरातलं कापड कमी होतं.

घरगुती उपाय सगळे झाले. आईने ओरडून पाहिलं, बायकोने पेपरची गुंडाळी आपटून पाहिली. ती गुंडाळीही पडवळाने नेली. मी पायजमा ओढून घ्यायचो. त्यावरून त्याने एवढंच ताडलं, की हा सुस्त दिसणारा माणूस खेळायला मात्र कधीही तयार असतो. एकदा कापडाऐवजी घोटाच त्याच्या दातात आला. जरासं खरचटलं, पण १५ मिनिटं नळाखाली साबणाने पाय धुऊन डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्याच रात्री प्रशिक्षकाला फोन केला.

प्रशिक्षक पंचविशीतला मुलगा. पडवळ धरतो तेव्हा तुम्ही काय करता, असं त्याने विचारलं. मी करून दाखवलं. पडवळाने लगेच सहकार्य केलं.

‘हेच तर त्याला हवंय! तुम्ही ओढलं की तो ओढणार. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, हेही भुंकायला आले. झाड व्हा, काका.’

‘काय होऊ?’

‘झाड. हलायचं नाही, बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. त्याने सोडलं की शाबास म्हणायचं आणि चावायला त्याच्या हक्काचं काहीतरी द्यायचं. घरातल्या सगळ्यांनी असंच करायचं.’

न हलणं मला जमतं. तीस वर्षं नोकरीच केली आहे. पण बोलायचं नाही? आमच्याकडे? आमच्या घरी वरणात मीठ कमी पडलं तरी चार मतं पडतात, आणि पाचवं मत मीठ बरोबर आहे असं असतं.

पहिल्याच संध्याकाळी पडवळाने मोहरी धरली. मी झाड झालो.

‘तोल सांभाळ रे,’ आई.

‘अहो, तुम्ही त्याच्याकडे बघताय.’

‘नाही बघत.’

‘बोललात!’

‘तू बोलायला लावलंस.’

‘झाडं वाद घालत नाहीत,’ पेपरच्या मागून बाबा.

पडवळ तोंडातला पायजमा न सोडता चौघांकडे आळीपाळीने बघत होता. शेपटी जोरात चालू होती. एका पायजम्यात एवढी करमणूक त्यालाही नवीनच असावी.

आठवडाभरात तो आणखी जोरात ओढायला लागला. असं होणारच, म्हणे. रिमोटचे सेल संपले की आपण बटण सोडत नाही, आधी अंगठा रोवून दाबतो. तसंच त्याचं. आजवर ओढलं की माणूस नाचायचा, आता का नाचत नाही?

जमलं ते फक्त कामाला येणाऱ्या मावशींना. पडवळाने त्यांच्या निऱ्या एकदा धरल्या. फरशी पुसता पुसता त्या थांबल्या, आणि पीएमटीची वाट बघावी तशा खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. आठ-दहा सेकंद गेले. पडवळाने निऱ्या सोडल्या. मावशींनी एका जुन्या फडक्याला गाठ मारली, ते त्याच्यापुढे टाकलं, ‘घे, हे तुझं,’ म्हणाल्या आणि फरशीचा उरलेला कोपरा पुसला. प्रशिक्षक तासाचे किती घेतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तेव्हापासून आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी गाठी मारलेली ओली फडकी असतात. गार फडकं चघळलं की हिरड्यांना बरं वाटतं. मटार काढताना बघून काढावे लागतात.

संध्याकाळी सात ते आठ मात्र तो कुणाचंच ऐकायचा नाही. या वयात पिल्लाला दिवसाला १८ तास झोप लागते. ती मोडली की ते पेंगुळलेल्या पोरासारखं किरकिरं होतं आणि जास्त चावतं. इथे बाबा पुढे सरसावले. तोंडाला कुलूप लागल्यापासून त्यांची घुसमट होतच होती. त्यांनी लेखणी उचलली आणि दारावर पाटी लागली:

‘आत कुत्रा आहे. तो चावत नाही, कपडे धरतो. धरल्यास ओढू नये, किंचाळू नये, झाड व्हावे. कसे व्हावे हे आत विचारू नये. दुपारी १ ते ४ कुत्रा झोपतो. आम्हीही.’

सोसायटीतले लोक पाटीचे फोटो काढून गेले. दुपारची बेल बंद झाली. संध्याकाळचं चावणंही निम्म्यावर आलं.

मग गणपती आले. पडवळाला सातवा महिना लागला होता. आरतीच्या वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं. दार कुणी उघडलं, याची चौकशी अजून चालू आहे. बाबांच्या अंगावर आजोबांचं जांभळं रेशमी सोवळं होतं. आरत्या संपल्या आणि सगळे हात जोडून स्वतःभोवती फिरायला लागले. वीतभर उंचीवरून ते कसं दिसलं असेल? पंधरा-वीस मोहऱ्या, काठ आणि झालरी, सगळं एकदम गरागरा फिरतंय. पडवळाने क्षणभर विचार केला आणि सोवळ्याचा सोगा धरला.

बाबांची अर्धी गिरकी झाली होती. ते होते तिथे थांबले, गणपतीकडे पाठ करून. ओळ अर्ध्यावर तुटली. आम्ही थांबलो. पाटी वाचून आलेले शेजारीही थांबले. टाळ थांबले. भरल्या घरात कुणी काही बोलेना. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आईचे ओठ हलले, पण तिने पदर तोंडाशी धरला.

पडवळाने सोगा सोडला.

‘शाबास,’ बाबा म्हणाले आणि त्यांनी उरलेली अर्धी गिरकी पूर्ण केली.

विसर्जनानंतर मी सोवळं घेऊन रफूवाल्याकडे गेलो. त्याने सोगा उजेडात धरला आणि कड चाचपली.

‘नवे दात आले वाटतं,’ तो म्हणाला.